कोळी डॉक्टर

बंगळूरला हेब्बाळच्या तळ्याच्या मागे एक जुनी गल्ली आहे. तिथे मी भाड्याची खोली बघायला गेले, तेव्हा कोपऱ्यावरच्या भाजीवालीने हात लांब करून सांगितलं, "अल्ली, कोळी डॉक्टर मने." पुण्याहून येऊन मला जेमतेम महिना झाला होता. मने म्हणजे घर, एवढं कन्नड मला येत होतं. घरमालक मराठी आहेत, हे ऑफिसातल्या मैत्रिणीने सांगितलं होतं. त्यामुळे डॉक्टरांचं आडनाव कोळी असणार, हे मी मनाशी ठरवूनच बेल वाजवली.

"नमस्कार कोळीसाहेब, खोली बघायला आलेय."

दारातला उंच, जरासा वाकलेला म्हातारा माझ्याकडे बघत राहिला. मग आत वळून ओरडला, "शारदे, बाहेर ये गं! ही पोरगी मला कोंबडीसाहेब म्हणतीय!"

कन्नडमध्ये कोळी म्हणजे कोंबडी. त्यांचं खरं नाव डॉक्टर वसंतराव मोहिते. सरकारी जनावरांच्या दवाखान्यातून निवृत्त झालेले. गाई-म्हशी, कुत्री, एकदा तर सर्कशीतला उंटसुद्धा तपासला होता म्हणे, पण जीव सगळा कोंबड्यांवर. घराणं कित्येक पिढ्या कर्नाटकात. कुठल्याशा फौजेबरोबर पूर्वज इकडे आले ते घोडे सांभाळायला, असं ते सांगत. "त्यांनी घोडे सांभाळले, मी कोंबड्या सांभाळतो. घराणं उतरणीला लागलं म्हण की!" असं म्हणून स्वतःच हसत.

खोली देण्याआधी त्यांनी मला एकच प्रश्न विचारला. "सकाळी लवकर उठतीस काय?"

"नाही हो, रात्री उशिरापर्यंत कॉल असतात."

"मग आता उठशील," असं म्हणून त्यांनी किल्ली दिली.

मागच्या अंगणात बटरफ्रूटचं, म्हणजे अॅव्होकाडोचं, मोठं झाड होतं आणि त्याखाली जाळीचं खुराडं. पहिल्याच दिवशी मी त्यातली एक कोंबडी बघून दचकले. मानेवर एक पीस नाही. लालबुंद, सुरकुतलेली उघडी मान आणि खाली व्यवस्थित तपकिरी अंग. मला वाटलं, आजारी आहे.

"आजारी कशाला? जातच ती. उघड्या मानेची," डॉक्टर म्हणाले. "उन्हाळा हिला बाधत नाही, दाणे कमी खाते, अंडी भरपूर. गुण सगळे हायत, फक्त रूप नाही. गल्लीत कुणी नेईना, म्हणून माझ्याकडे राहिली."

कुणी नेईना असं ते म्हणाले, कारण गल्लीभर कोंबड्या वाटायचा त्यांना नाद होता. निवृत्त झाल्यावर त्यांनी घरोघरी जाऊन लोकांना पटवलं होतं की मागे एवढी जागा आहे, तिथे सिमेंट ओतण्यापेक्षा कोंबड्या पाळा. पण मागेल त्याला मागेल ती कोंबडी मिळत नसे. आधी ते त्या घरी दोनदा चहा पिऊन येत. माणसं कशी बोलतात, उंबऱ्यात चपला कशा काढतात, हे बघत. मग शर्टाच्या खिशात पिल्लं घालून हजर होत. त्यांचं एक वाक्य गल्लीत सगळ्यांना पाठ होतं: "कोंबडी बघून घर शोधू नये, घर बघून कोंबडी शोधावी."

समोरच्या वकिलांकडे त्यांनी गिरिराज दिल्या. गिरिराज इथलीच, बंगळूरच्या शेती विद्यापीठात तयार झालेली. अंगाने भरलेली, रंगीबेरंगी पिसांची, शांत. कुणी ओरडलं तरी तिला घाई नाही. "वकीलसाहेबांच्या घरात सगळेच घाईत. एकतरी जीव निवांत पाहिजे." गल्लीतल्या एका घराच्या तळमजल्यावर भाड्याने आलेल्या एका तरुण जोडप्याला सिल्की दिली. पांढरी, लोकरीच्या गोळ्यासारखी, उचलली की मांडीवर झोपणारी. मी एकदा हौसेने म्हटलं, मलाही द्या ना एखादी. त्यांनी सरळ मान हलवली. "तुला नको. तू घरी नसतीस. कोंबडीला दिवसा माणूस दिसावा लागतो." मला राग आला होता, पण खोटं नव्हतं.

नंजप्पा म्हणून एक निवृत्त फौजदार गल्लीच्या टोकाला राहायचे. त्यांना डॉक्टरांनी असीलचा कोंबडा आणि दोन कोंबड्या दिल्या. असील उंच, ताठ मानेचा, लांब पायांचा. चालतो असा की सगळं अंगण त्याच्या नावावर आहे. नंजप्पांनी त्याचं नाव ठेवलं साहेब. "नोकरीत जन्मभर साहेबाला सलाम ठोकला डॉक्ट्रे," ते म्हणायचे, "आता साहेब माझ्या हातचं खातो." हा साहेब पहाटे असा काही आरवायचा की पलीकडच्या अपार्टमेंटमधल्या लोकांनी तक्रार केली. सोसायटीच्या मीटिंगला डॉक्टरांना बोलावलं गेलं. ते इस्त्रीचा शर्ट घालून गेले, सगळं ऐकून घेतलं, आणि परत येताना त्यांच्या हातात एक मोठं खोकं होतं. रात्री साहेबाला खोक्यात ठेवायचं, वरून गोणपाट टाकायचं, म्हणजे उजेड दिसणार नाही आणि तो आरवणार नाही, असा बेत. दुसऱ्या दिवशी पहाटे साहेब खोक्यातून आरवला. खोक्यामुळे आवाज आणखी घुमला. डॉक्टर लुंगीवर रस्त्यात उभे राहून वर अपार्टमेंटच्या खिडक्यांत एकेक दिवा लागताना बघत होते. मला बघून म्हणाले, "जनावराचं काय आपल्या हातात असतं गं? दाणे आणि पाणी. बाकी सगळं त्याचं त्याच्याकडे."

हे वाक्य ते फार वेळा म्हणत. बायका आजारी कोंबडी पदरात घेऊन येत, तेव्हा डॉक्टर पायरीवर बसून तिचे डोळे, तुरा, पोट बघत. जमण्यासारखं असेल तर औषध देत. नसेल तर स्पष्ट सांगत, "अक्का, काही होणार नाही. घरी न्या, सावलीत ठेवा." खोटी आशा त्यांनी कधी कुणाला दाखवली नाही. त्यांच्या बायको शारदाक्का त्यावरून चिडायच्या. "दोन शब्द गोड बोलायला काय जातंय तुमचं?" पण त्यांना ते जमतच नसे.

लीलाक्कांची गोष्ट मला शारदाक्कांनीच सांगितली. लीलाक्का आमच्या शेजारच्या घरात एकट्या राहायच्या. नवरा गेल्यावर त्यांनी घराबाहेर पाऊल टाकणं सोडलं होतं. भेटायला येणाऱ्या बायका हात धरून रडायच्या, समजावायच्या, देवळात चला म्हणायच्या. लीलाक्कांनी हळूहळू दार उघडणंच बंद केलं. तेव्हा डॉक्टरांनी त्यांच्या मागच्या अंगणात कडकनाथच्या तीन कोंबड्या सोडल्या. विचारलंसुद्धा नाही. कडकनाथ म्हणजे सगळी काळी. पिसं, चोच, पाय, तुरासुद्धा काळा, उन्हात पिसांवर हिरवी झाक. आणि बुजरी.

शारदाक्का म्हणाल्या होत्या, त्या बिचारीला ती मऊ सिल्की द्यायची सोडून ही भुतं कशाला दिलीत? डॉक्टर म्हणाले, "कडकनाथ अंगाशी येत नाही. जवळ गेलं की लांब पळते. लीलाक्काला अंगाशी येणाऱ्या लोकांचाच कंटाळा आलाय."

आधी लीलाक्का स्वयंपाकघराच्या खिडकीतूनच तांदूळ फेकायच्या. मग मागच्या दारात उभ्या राहू लागल्या. मग पायरीवर बसू लागल्या. मी राहायला आले तोवर त्या सकाळी अंगणात झाडू मारताना दिसायच्या, आणि मी गॅलरीतून हात केला की मान हलवायच्या. डॉक्टर याबद्दल कधी एक शब्द बोलले नाहीत. फक्त सकाळचा पेपर ते आमच्या मागच्या पायरीवर बसून वाचत. तिथून कुंपणापलीकडचं अंगण दिसतं.

मग तो हिवाळा आला. एका दुपारी मी घरूनच काम करत होते. खाली नंजप्पांचा आवाज आला. नेहमीचा नव्हता. मी जिन्यात आले. त्यांच्या हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी होतं. डॉक्टरांनी पुढे होऊन ते उघडलं नाही. आधी आत जाऊन हातमोजे घातले, तोंडाला फडकं बांधलं, आणि नंजप्पांना म्हणाले, "खाली ठेवा. तिथेच."

असीलची कोंबडी होती. तुरा निळसर काळा पडलेला, डोळ्यांभोवती सूज.

"सकाळी चांगली होती डॉक्ट्रे. दुसरी पण आताच गेली. साहेब उभा आहे, पण मान टाकलीय."

डॉक्टर बराच वेळ उकिडवे बसून बघत राहिले. मग म्हणाले, "कुठे पाणी प्यायला गेल्या होत्या?"

"तळ्याकडच्या बाजूला कुंपण पडलंय. तिकडे जातात कधीकधी."

डॉक्टरांनी मान वर करून तळ्याच्या दिशेने पाहिलं. नंजप्पा पोलिसात होते. त्या बघण्याचा अर्थ त्यांना कळत असणार. त्यांनी डॉक्टरांचा दंड धरला. "गप्प पुरून टाकू. खोल खड्डा काढतो, चुना घालतो. साहेबाला पण... मी बघतो. कुणाला कळणार आहे? तुम्ही खात्याला फोन केला तर सगळ्या गल्लीच्या कोंबड्या नेतील. चांगल्या आहेत त्यापण."

"ठाऊक आहे," डॉक्टर म्हणाले.

"मग?"

"तुम्ही हात धुवा. साबणाने. घरी जाऊन अंघोळ करा आणि कुणाच्या घरी जाऊ नका."

नंजप्पा गेले. डॉक्टर व्हरांड्यात खुर्चीवर बसले. फोन समोरच्या स्टुलावर. मी वर जाऊन लॅपटॉप उघडला, पण काम होईना. पाण्याच्या निमित्ताने खाली आले तर ते तसेच बसलेले. शारदाक्का स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. आयुष्यभर कोंबड्यांच्या घाणीवरून त्या नवऱ्याशी भांडल्या. त्या म्हणाल्या, "स्वल्प जेवून घ्या, मग करा फोन."

"जेवलो तर करणार नाही."

"मग करू नका."

कुंपणापलीकडून लीलाक्कांच्या झाडूचा आवाज येत होता. थोड्या वेळाने तो थांबला. ऊन व्हरांड्यातून उतरून गेलं. मग डॉक्टरांनी फोन उचलला आणि आपल्या जुन्या खात्यात कुणाशी तरी कन्नडमध्ये अगदी हळू बोलले. पत्ता सांगताना त्यांनी गल्लीचं नाव दोनदा सांगितलं. पलीकडच्याला ऐकू येत नव्हतं.

नमुने तपासायला बाहेरगावी गेले. मधले दिवस डॉक्टर घरोघरी फिरून सांगत होते की कोंबड्या कोंडून ठेवा, हात धुवा, मुलांना जवळ जाऊ देऊ नका. लोक विचारत, "पण आमच्या चांगल्या आहेत ना?" ते म्हणत, "चांगल्या आहेत." "मग काही होणार नाही ना?" यावर ते गप्प. एखाद्याने त्या गप्प राहण्याचा अर्थ बरा लावून घेतला, तर तेही त्यांना थांबवता येत नव्हतं. साहेब दुसऱ्याच दिवशी गेला. निकाल आला तो हवा होता तसा नव्हता. बर्ड फ्लूच होता. तळ्याभोवतीच्या ठरावीक अंतरातल्या सगळ्या कोंबड्या, बदकं, जे काही पाळलेलं असेल ते, नष्ट करायचं होतं.

सकाळी गाडी आली. पांढरे पोशाख घातलेली माणसं उतरली. त्यांच्यातला प्रमुख तरुण डॉक्टर कधीकाळी मोहित्यांच्या हाताखाली शिकला होता. चष्म्यावर वाफ धरलेली. तो म्हणाला, "सर, तुम्ही आत बसा. आम्ही करतो."

"आमच्या घरापासून सुरू करा," डॉक्टर म्हणाले.

त्यांनी स्वतः खुराडं उघडलं. त्या उघड्या मानेच्या कोंबडीला सवय होती, ती आपणहून त्यांच्या पायाशी आली. तेवढ्यात शारदाक्का आतून ताटलीत शिजवलेला भात घेऊन आल्या. मी त्यांना कधी कोंबड्यांना काही घालताना पाहिलं नव्हतं. तरुण डॉक्टर ओशाळून म्हणाला, "अम्मा, आता नको. आता काही उपयोग नाही." त्या ताटली हातात धरून तिथेच उभ्या राहिल्या. ठेवावी की परत न्यावी हे त्यांना कळत नव्हतं. मलाही कळेना की ती त्यांच्या हातातून घ्यावी की नाही.

वकिलांच्या घरातून गिरिराज गेल्या. त्या निवांतच पकडल्या गेल्या. सिल्कीवाल्या जोडप्यातल्या मुलीने आपल्या कोंबडीला टॉवेलमध्ये गुंडाळून आणलं आणि आत पळून गेली. मग ती माणसं लीलाक्कांच्या मागच्या अंगणाच्या फाटकाशी आली. फाटकाला कुलूप होतं. लीलाक्का आत पायरीवर बसल्या होत्या. पाठ आमच्याकडे.

तरुण डॉक्टरने हाका मारल्या. मग हळूच म्हणाला, "सर, पोलिसांना बोलवावं लागेल."

"स्वल्प थांब," डॉक्टर म्हणाले आणि फाटकाला हात लावून उभे राहिले. "लीलाक्का."

लीलाक्कांनी पदर खांद्यावरून ओढून घेतला.

"लीलाक्का, मी आहे."

"त्यांना काही झालेलं नाही," त्या न वळता म्हणाल्या. "बघा तुम्ही. तुम्ही डॉक्टर ना? नीट बघा आणि सांगा, काय झालंय त्यांना?"

"काही झालेलं नाही."

"मग?"

डॉक्टरांनी फाटकावरचा हात काढून घेतला. लीलाक्का उठल्या. फाटकाजवळ येऊन त्यांनी कुलूप काढलं. "त्या पांढऱ्या कपड्यातल्यांना आत आणू नका. तुम्ही आणून सोडल्यात, तुम्हीच न्या."

डॉक्टर एकटे आत गेले. कडकनाथ त्यांना बघून पांगल्या. त्यांनी एका कोपऱ्यात एकीला अडवायचा प्रयत्न केला, ती फडफडून भिंतीवर चढली. दुसरी पेरूच्या झाडामागे. सत्तरी उलटलेला तो माणूस हात पसरून अंगणात इकडून तिकडे धावत होता, चपला निसटत होत्या, आणि फाटकाबाहेर आम्ही सगळे बघत होतो. कुणी हसलं नाही. त्या पांढऱ्या कपड्यातल्यांपैकीसुद्धा एकजण मान वळवून दुसरीकडे बघत होता. शेवटी डॉक्टर कमरेवर हात ठेवून थांबले. श्वास लागला होता.

लीलाक्का पायरीवर जाऊन बसल्या. तोंडाने काही आवाज केला नाही, हाक मारली नाही. नुसता तळहात मांडीवर उघडा ठेवला. थोड्या वेळाने भिंतीवरची खाली उतरली. झाडामागची पुढे आली. तिन्ही हळूहळू त्यांच्या पायाशी गोळा झाल्या, आणि एक मांडीवर चढून बसली.

डॉक्टर ते बघत उभे होते. कडकनाथ अंगाशी येत नाही, हे त्यांनीच सांगितलं होतं. आमच्या मागच्या पायरीवरून रोज पेपर वाचत ते हे अंगण बघत होते, आणि हे त्यांना दिसलं नव्हतं. त्यांच्यासमोर त्या कधी येतच नसणार.

लीलाक्कांनी मांडीवरची उचलली, तिचे पंख नीट मिटवले आणि डॉक्टरांच्या हातात दिली. मग दुसरी. मग तिसरी. डॉक्टरांनी एकेक फाटकापर्यंत आणून दिली. त्यानंतर फाटक लागलं.

गल्लीत कुणी डॉक्टरांशी भांडलं नाही. फोन कुणी केला हे नंजप्पांनी कुणाला तरी सांगितलं असावं, एवढंच. नंतर सकाळी डॉक्टर पेपर वाचत असताना कुंपणापलीकडून काही ऐकू यायचं नाही. भाजीच्या गाडीपाशी डॉक्टर आले की बायकांचं बोलणं थांबायचं, आणि ते भाजी घेऊन निघाले की पुन्हा सुरू व्हायचं. वकीलसाहेब "नमस्कार" म्हणायचे आणि घड्याळ बघायचे. लीलाक्का अंगणात असल्या आणि डॉक्टर पायरीवर येऊन बसले, की त्या झाडू भिंतीला टेकवून आत जायच्या. "भांडले असते तर बरं झालं असतं," शारदाक्का मला म्हणाल्या. "दोन शिव्या दिल्या असत्या, संपलं असतं."

डॉक्टर रिकामं खुराडं रोज पाण्याने धुवायचे. काही दिवस ते गरजेचंच होतं. पुढे नव्हतं, तरी धुवायचे. मी एकदा धीर करून विचारलं, "नसतं कळवलं तर काय झालं असतं हो?"

त्यांनी पाइप खाली ठेवला. "कदाचित काहीच नाही. कदाचित तिथेच थांबलं असतं. कदाचित पलीकडच्या पोल्ट्री फार्मवर गेलं असतं, एखाद्या माणसाला लागलं असतं. हेच तर, पोरी. जे झालं ते सगळ्यांना दिसलं. जे झालं नाही, ते मी कुणाला काढून दाखवू?"

कोंबड्या पाळण्यावरची बंदी उठल्यावर त्या तरुण डॉक्टरचा फोन आला. पिल्लं हवी आहेत का, चांगली आली आहेत म्हणाला. डॉक्टर म्हणाले, "सरी, बरं, बघू." त्यांनी आणली नाहीत. गल्लीतही कुणी मागितली नाहीत. वकिलांनी मागे सिमेंट ओतून घेतलं आणि तिथे गाडी लावू लागले. नंजप्पा एकदा आले होते, खुर्चीवर बसले, चहा प्यायले, हवेबद्दल बोलले आणि गेले. दोघांनाही बोलायचं होतं असं मला वाटलं. पण कुठून सुरू करावं हे दोघांनाही सापडलं नाही.

पुढे माझं काम इलेक्ट्रॉनिक सिटीला गेलं. शहराच्या या टोकापासून त्या टोकाला रोज जाणं शक्य नव्हतं, म्हणून मी खोली सोडली. सकाळी टेंपोत सामान चढलं. शारदाक्कांनी चिवड्याचा डबा दिला आणि डोळे पुसले. डॉक्टर दूध आणायला गेले होते. त्यांना भेटल्याशिवाय निघायचं नाही म्हणून मी टेंपोत बसून थांबले.

थोड्या वेळाने ते गल्लीच्या तोंडाशी दिसले. हातात दुधाच्या पिशव्या. पूर्वी ते प्रत्येक फाटकाशी थांबत, आत डोकावत, हाक मारत. आता रस्त्याच्या अगदी मधून चालत होते, कुठल्याच फाटकाच्या फार जवळ जाऊ नये असे. लीलाक्का त्यांच्या पुढच्या अंगणात दोरीवर कपडे वाळत घालत होत्या. त्यांना बघून डॉक्टरांची चाल मंदावली. मला वाटलं, आता त्या आत जातील.

त्या आत गेल्या नाहीत. बोलल्याही नाहीत. हातातलं ओलं पातळ तसंच धरून डॉक्टर पुढे जाईपर्यंत उभ्या राहिल्या. डॉक्टरांनी मान खाली घातली आणि पुढे आले. टेंपोशी येऊन माझ्या डोक्यावर हात ठेवला. काहीतरी म्हणाले, पण टेंपोवाल्याने इंजिन चालू केलं होतं, मला ऐकू आलं नाही. वळणावर मी मागे बघितलं तेव्हा ते अजून रस्त्याच्या मधेच उभे होते, आणि लीलाक्का पातळ झटकत होत्या.